बोलता बोलता ऐकणारा टॉवर

मोबाइलचा विमान-मोड बंद केला की क्षणभराने पडद्याच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्या उमटतात. त्या क्षणात फोनने टॉवरला शोधलेले असते, पण टॉवरला मात्र फोनचा पत्ता नसतो. एकदा ओळख पटली की पुढचे सगळे शिस्तीत चालते. कोणत्या फोनने कोणत्या मिलिसेकंदाला, कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीने बोलायचे, हे टॉवर ठरवतो. ही ओळख होण्यासाठी मात्र फोनला एकदा तरी न विचारता बोलावे लागते. तो इथे आहे हेच कुणाला ठाऊक नसल्यामुळे त्याची पाळी कुणी ठरवलेली नसते. बिनतारी दळणवळणातल्या या पहिल्या हाकेच्या पद्धतीला ‘रँडम ॲक्सेस’ म्हणतात.

ही हाक फक्त फोन चालू करतानाच द्यावी लागते असे नाही. काही सेकंद देवघेव थांबली की टॉवर त्या फोनसाठी राखलेली जागा मोकळी करतो. पुढचा संदेश पाठवायची वेळ आली की फोनला पुन्हा हाक द्यावी लागते. एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना, संपर्क तुटल्यावर तो परत जोडताना, मध्येच वेळेचा मेळ चुकल्यावरही तेच. खिशातला फोन दिवसभरात कितीतरी वेळा हे करतो आणि आपल्याला त्याची जाणीवही होत नाही.

जाणीव होते ती गर्दीत. आषाढीला पंढरपुरात किंवा विसर्जन मिरवणुकीच्या रात्री पुण्यात काड्या पूर्ण दिसतात, तरी फोन लागत नाही. काड्या दाखवतात ते टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती जोरात पोचतो एवढेच. आपली हाक टॉवरपर्यंत पोचली का, तिथे ती दुसऱ्या शंभर हाकांत मिसळून गेली का, हे त्यावरून कळत नाही. गर्दीत नेटवर्क कोलमडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक या पहिल्या हाकेच्या रांगेत असते, किंवा खरे तर तिथे रांगच नसते यात असते.

गेल्या दशकभरात ‘फुल-डुप्लेक्स’ रेडिओची चर्चा वाढली आहे. एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी बोलणारा आणि ऐकणारा रेडिओ, असा त्याचा अर्थ. त्याची ओळख बहुतेक वेळा ‘वेग दुप्पट’ या दोन शब्दांत करून दिली जाते. माझ्या मते त्याचे मोल वेगापेक्षा या पहिल्या हाकेच्या ठिकाणी अधिक आहे. ते कसे, हे समजण्यासाठी अर्धशतक मागे, प्रशांत महासागरातल्या बेटांवर जावे लागेल.

हवाईतली सुरुवात

१९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठाची महाविद्यालये वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली होती आणि मोठा संगणक ओआहू बेटावर होता. टेलिफोनच्या तारांवरून संगणक जोडणे महाग होते आणि त्या तारा भरवशाच्याही नव्हत्या. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओचा मार्ग धरला. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा दिसला तरी नवा होता. संगणकाशी बोलणारा माणूस एक ओळ टंकतो आणि मग बराच वेळ गप्प असतो. प्रत्येकाला कायमची वेगळी वारंवारता दिली, तर ती बहुतेक वेळ रिकामी पडून राहणार. सर्वांना एकच वारंवारता दिली, तर कुणी केव्हा बोलायचे हे कोण ठरवणार?

अब्रॅमसन यांचे उत्तर धाडसी होते: कुणीच ठरवायचे नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे त्याने बोलून टाकावे. मजकूर नीट पोचला तर केंद्र पोचपावती देईल. पावती आली नाही तर आपली कुणाशी तरी टक्कर झाली असे समजावे, थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा पाठवावे. किती थांबायचे ते मात्र प्रत्येकाने यदृच्छेने निवडावे, नाहीतर टक्कर झालेले दोघे पुन्हा एकाच क्षणी बोलतील. जून १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ नावाने हे जाळे चालू झाले.

या सोयीची किंमत गणिताने मोजता येते. एखादा संदेश सुखरूप पोचायचा, तर तो चालू असताना दुसरा कुणी बोलायला नको, आणि तो सुरू होण्याआधीच्या तेवढ्याच काळात कुणी बोलायला सुरुवात केलेली नको. म्हणजे धोक्याचा काळ संदेशाच्या लांबीच्या दुप्पट. हिशेब केला तर अशा वाहिनीची जास्तीत जास्त १८.४ टक्के क्षमताच उपयोगी पडते. १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुचवले की काळाचे सारखे तुकडे पाडा आणि प्रत्येकाने तुकड्याच्या सुरुवातीलाच बोलावे. अर्धवट टकरी संपल्या, धोक्याचा काळ निम्मा झाला आणि मर्यादा ३६.८ टक्क्यांवर गेली. आजच्या ४जी आणि ५जी फोनची पहिली हाक याच तुकड्यांच्या पद्धतीची वंशज आहे.

अलोहानेटमधली आणखी एक गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. केंद्राकडे येणारे संदेश ४०७.३५० मेगाहर्ट्झवर येत आणि केंद्राकडून जाणारे ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर जात. दोन वाटा वेगळ्या असल्यामुळे केंद्राला बोलण्यासाठी ऐकणे थांबवावे लागत नव्हते. कुणाची हाक केव्हा येईल हे ज्याला माहीत नाही, त्याने सतत ऐकत राहायला हवे, हे तत्त्व पहिल्या दिवसापासून त्या रचनेत होते.

तारेला जमले, हवेला जमले नाही

हार्वर्डमध्ये पीएच.डी. करताना रॉबर्ट मेटकाफ यांनी अलोहानेटचा अभ्यास केला होता. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात त्यांनी आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची जुळणी सुरू केली, तेव्हा त्यांनी दोन सुधारणा केल्या. पहिली, बोलण्यापूर्वी ऐकायचे. तारेवर कुणी बोलत असेल तर थांबायचे. दुसरी, बोलतानाही ऐकायचे. तारेवर आपण टाकलेल्यापेक्षा वेगळे काही ऐकू आले, तर टक्कर झाली असे समजून तिथल्या तिथे बोलणे थांबवायचे. १० मेगाबिटच्या प्रमाणित इथरनेटमध्ये सर्वांत छोटा संदेश ५१२ बिटांचा ठेवला, तो याचसाठी. तेवढे बिट जायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात तारेच्या दुसऱ्या टोकाला झालेली टक्करही पाठवणाऱ्याला कळते. टक्कर झाली तरी वाया जातात ते मायक्रोसेकंद. सबंध संदेश वाया जात नाही.

दुसरी सुधारणा हवेत मात्र चालली नाही. तारेवर आपला आणि दुसऱ्याचा आवाज साधारण एकाच पातळीवर असतो. रेडिओत आपला प्रक्षेपक आपल्याच ग्राहकाला चिकटून असतो आणि दुसऱ्याच्या लहरी शेकडो मीटरांवरून क्षीण होत येतात. बोलणारा रेडिओ त्याच वारंवारतेवर बहिरा होतो. म्हणून १९९७ मध्ये आलेल्या वाय-फायच्या मानकात टक्कर ओळखण्याचा विचारच सोडून दिला गेला आणि ती टाळण्यावर भर दिला गेला. आधी ऐका, वाट मोकळी दिसली तरी यदृच्छेने थोडे थांबा, मग बोला, पूर्ण बोला आणि पावतीची वाट पाहा. टक्कर झाली तर ती सबंध संदेश संपल्यावरच कळते.

मोबाइल टेलिफोनीने मधला मार्ग काढला होता. १९८३ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या अमेरिकेच्या पहिल्या व्यावसायिक सेल्युलर जाळ्यात, म्हणजे ‘ॲम्प्स’मध्ये, फोनची वारंवारता आणि टॉवरची वारंवारता यांत ४५ मेगाहर्ट्झचे अंतर होते. टॉवर आपल्या नियंत्रण-वाहिनीवर दर १० बिटांमागे एक खुणेचा बिट पाठवत असे: आत येण्याची वाट मोकळी आहे की व्यग्र. फोन बोलण्याआधी ती खूण पाहायचा आणि बोलणे सुरू केल्यावरही पाहत राहायचा. आपली हाक सुरू होऊनही खूण योग्य वेळी ‘व्यग्र’ झाली नाही, तर टॉवरने आपल्याला ऐकलेले नाही हे फोनला कळे आणि तो थांबे. बोलता बोलता ऐकण्याचा फायदा इंजिनिअरांना तेव्हाच उमगला होता. त्यासाठी दोन वेगळ्या वारंवारतांची किंमत मोजावी लागत होती, एवढेच.

आजची पहिली हाक

४जी आणि ५जी जाळ्यांत ही हाक चार पावलांत पुरी होते.

पहिल्या पावलात फोन आपले नावगाव काहीच सांगत नाही. तो फक्त एक ठरावीक खूण पाठवतो, तिला ‘प्रिअँबल’ म्हणतात. प्रत्येक टॉवरच्या हद्दीसाठी अशा ६४ खुणा असतात. काही विशेष कामांसाठी राखलेल्या असतात आणि उरलेल्यांतून फोन यदृच्छेने एक उचलतो. या खुणा झाडोफ-चू नावाच्या गणिती क्रमिकांपासून बनवतात. ४जीमध्ये अशा क्रमिकेत ८३९ पदे असतात. या क्रमिकांचा गुण असा की त्याच क्रमिकेला पुरेसे पुढे सरकवले की मूळ क्रमिकेशी तिचे साम्य शून्य होते. त्यामुळे दोन फोनांनी वेगवेगळ्या खुणा एकाच क्षणी पाठवल्या, तरी टॉवर त्या वेगळ्या ओळखतो. टक्कर होते ती दोघांनी एकच खूण उचलली तरच.

दुसऱ्या पावलात टॉवर उत्तर देतो: अमुक खूण ऐकली, तू तुझे घड्याळ इतके पुढे कर, या जागेवर बोल, आणि तोवर हा तात्पुरता क्रमांक वापर. घड्याळाची दुरुस्ती इथे फार मोलाची असते. रेडिओ लहरींना एक किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे ६.७ मायक्रोसेकंद लागतात. ४जीमध्ये दोन चिन्हांमध्ये राखलेली मोकळीक सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांचीच असते. लांबच्या फोनने थोडे आधी बोलले नाही, तर त्याचे शब्द दुसऱ्याच्या पाळीत घुसतील. फोन किती लांब आहे, हे टॉवर पहिल्या खुणेच्या उशिरावरूनच ओळखतो.

तिसऱ्या पावलात फोन आपली ओळख सांगतो. चौथ्यात टॉवर तीच ओळख परत उच्चारतो. दोन फोनांनी पहिल्यांदा एकच खूण उचलली असेल, तर दोघांनाही एकच उत्तर मिळते, दोघेही एकाच जागेवर बोलतात, आणि चौथ्या पावलात ज्याची ओळख उच्चारली जाते तो जिंकतो. दुसऱ्याला आपण हरलो हे इतक्या उशिरा कळते. मग त्याने यदृच्छेने थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. टॉवरने ऐकलेच नाही असे वाटले, तर पुढच्या वेळी थोडी अधिक शक्ती लावून हाक द्यायची. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘रिलीज १६’ या मानक-आवृत्तीत ५जीसाठी चारांऐवजी दोन पावलांची पद्धतही आली. तिच्यात फोन खूण आणि ओळख एकदमच पाठवतो.

टक्कर किती सहज होते, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. ६४ खुणा सगळ्या मोकळ्या आहेत आणि एकाच क्षणी १० फोन हाक देत आहेत असे धरा. निदान दोघांची खूण एक निघण्याची शक्यता ५२ टक्के भरते. २० फोन असले तर ती ९६ टक्क्यांवर जाते. मिरवणुकीत एका टॉवरच्या हद्दीत हजारो फोन असतात. ‘तुम्ही आत्ता हाक देऊ नका’ असे काही गटांच्या फोनना सांगण्याची सोय म्हणूनच मानकांत ठेवावी लागली.

टॉवरची मौनाची वेळ

हाक द्यायची कधी, हा पुढचा प्रश्न. जुन्या पद्धतीत टॉवरची आणि फोनची वारंवारता वेगळी असे, त्यामुळे टॉवर नेहमी ऐकू शके. रुंद पट्ट्यांची गरज वाढली, तशी एकाच पट्ट्यात वेळ वाटून घेण्याची पद्धत रुजली: काही काळ टॉवर बोलणार आणि काही काळ फोन बोलणार. भारतात ४जीचा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि ५जीचा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा असाच चालतो.

लोक पाठवतात त्यापेक्षा उतरवून घेतात कितीतरी जास्त, म्हणून वेळेची वाटणीही तशीच असते. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका आखणीत अर्ध्या मिलिसेकंदाच्या पाच तुकड्यांपैकी तीन पूर्णपणे टॉवरचे, एक मिश्र आणि एकच फोनचा. ज्या तुकड्यांत टॉवर बोलतो, त्यांत तो ऐकत नाही. हाकेच्या जागा फोनच्या तुकड्यांतच बसवाव्या लागतात आणि तिथे त्यांना इतर फोनांच्या चालू कामाशी जागा वाटून घ्यावी लागते.

याचा सर्वांत मोठा फटका हद्दीच्या कडेला असलेल्या फोनला बसतो. त्याची हाक क्षीण असते, म्हणून ती लांबवावी किंवा अनेकदा द्यावी लागते. ‘रिलीज १८’ मध्ये एकच खूण २, ४ किंवा ८ वेळा लागोपाठ पाठवण्याची सोय आली. पण आठ वेळा हाक द्यायची, तर आठ मोकळ्या जागा हव्यात, आणि पाचातला एकच तुकडा आपला असेल तर त्या जागा वेळेत दूरवर पसरतात. टॉवरला बोलत असतानाच ऐकता आले, तर ही अडचण मुळातच हलकी होईल.

आपलाच आवाज कसा पुसायचा

अडचण कुठे आहे हे आकड्यांत पाहू. वाय-फायचा रेडिओ साधारण १०० मिलिवॅट शक्तीने बोलतो. त्याला ऐकायच्या असलेल्या सर्वांत क्षीण संकेताची पातळी याहून सुमारे ११० डेसिबलने खाली असते. ११० डेसिबल म्हणजे दहा हजार कोटी पट. टॉवरची शक्ती दहा-वीस वॅटपासून कित्येकशे वॅटपर्यंत असते, तिथे ही दरी याहूनही खोल. मिरवणुकीत ढोल बडवणाऱ्याने रस्त्यापलीकडच्या माणसाची कुजबूज ऐकावी, तशी ही अपेक्षा आहे.

ढोल वाजवणाऱ्यापेक्षा रेडिओकडे एक गोष्ट जास्त असते: आपण नेमके काय बोललो हे त्याला शब्दशः माहीत असते. मग ऐकलेल्यातून आपले बोललेले वजा केले की झाले, असे वाटेल. पण ते इतके सोपे नाही. आपला आवाज अँटेनातून थेट येतो, भिंतींवरून आदळून येतो, आणि प्रवर्धकातून जाताना थोडा विकृतही होतो. त्यात तो इतका प्रचंड असतो की संकेताचे अंकांत रूपांतर करणारे मंडल त्यानेच भरून जाते आणि क्षीण संकेताला आकड्यांत जागाच उरत नाही. म्हणून वजाबाकी तीन टप्प्यांत करतात. पहिल्यात अँटेनांची रचनाच अशी करायची की आपला आवाज आपल्याकडे कमी यावा. दुसऱ्यात संकेत अंकांत बदलण्यापूर्वीच विद्युतमंडलाने त्याची उलट प्रत मिसळायची. तिसऱ्यात, उरलेसुरले संगणकीय गणिताने काढायचे.

२०१० मध्ये राइस विद्यापीठात मेलिसा दुआर्ते आणि आशुतोष सभरवाल यांनी बाजारात मिळणारे रेडिओ वापरून हे शक्य असल्याचे दाखवले. त्याच वर्षी स्टॅनफर्डमधल्या गटाने तीन अँटेनांची युक्ती मांडली: दोन प्रक्षेपक अँटेना ग्राहक अँटेनापासून अशा अंतरांवर ठेवायच्या की दोन्ही अंतरांत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडेल आणि दोन्हींचे आवाज तिथे परस्परांना मारून टाकतील. २.४ गिगाहर्ट्झला हा फरक सव्वासहा सेंटिमीटरचा. २०१३ मध्ये एमिली मॅकमिलिन, सचिन कट्टी आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी दिनेश भराडिया यांनी एकाच अँटेनावर, वाय-फायच्या रुंद पट्ट्यात, ११० डेसिबलपर्यंतची वजाबाकी करून दाखवली. त्यांच्या मोजणीत वेग १.८७ पट झाला. आदर्श दुपटीच्या हा आकडा खूपच जवळचा होता.

बातम्यांत हाच आकडा गाजला. मला मात्र स्टॅनफर्ड गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. बिनतारी जाळ्यात एक जुना आजार आहे. दोन उपकरणे एकमेकांना ऐकू येत नाहीत, पण मधल्या तिसऱ्याला दोघांचेही ऐकू येते. दोघांनाही वाट मोकळी वाटते, दोघेही बोलतात आणि मधल्याकडे टक्कर होते. १९७५ मध्ये फौआद तोबागी आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांनी यावर वेगळ्या वाहिनीवर ‘व्यग्र’चा सूर वाजवण्याचा उपाय सुचवला होता. फुल-डुप्लेक्स रेडिओला ती वेगळी वाहिनी लागत नाही. एकाचे ऐकायला लागताच मधला स्वतःही बोलू लागतो, आणि ते ऐकून दुसरा थांबतो. पाच उपकरणांच्या त्या प्रयोगात, या आजारामुळे होणारे नुकसान ८८ टक्क्यांपर्यंत कमी झाले. तारेवर इथरनेटला जे जमले होते आणि हवेत सोडून द्यावे लागले होते, ते असे परत मिळाले.

मोबाइल जाळ्यात पहिले पाऊल

मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी संस्थेने सावध सुरुवात केली आहे. रिलीज १८ मध्ये अभ्यास झाला आणि रिलीज १९ मध्ये नियम लिहिण्याचे काम हाती घेतले गेले. फोनकडून काही विशेष अपेक्षा ठेवलेली नाही. तो पूर्वीसारखाच, एका वेळी एकच काम करतो. बोलता बोलता ऐकायचे आहे ते फक्त टॉवरला, आणि तेही पट्ट्याचे उपविभाग करून. उदाहरणार्थ, १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवरच्या बोलण्याच्या वेळी मधले २० मेगाहर्ट्झ फोनसाठी मोकळे ठेवायचे आणि दोन्ही बाजूंच्या ४०-४० मध्ये टॉवरने बोलत राहायचे. वारंवारता शेजारच्या असल्या तरी वेगळ्या असल्याने वजाबाकीचे ओझे हलके होते, आणि बोलण्याचे व ऐकण्याचे अँटेना-फलक वेगळे ठेवून ते आणखी उतरवता येते.

या मधल्या उपपट्ट्यात पहिल्या हाकेची जागा ठेवणे हा रिलीज १९ च्या कामाचा एक स्पष्ट भाग आहे. फायदा सरळ आहे. पूर्वी जिथे पाचातला एक तुकडा उपलब्ध होता, तिथे आता बाकीच्या तुकड्यांतही हाक देता येते. हाकेच्या संधी दुप्पट झाल्या, तर २० फोनांच्या आपल्या उदाहरणात एखाद्या फोनची टक्कर होण्याची शक्यता २६ टक्क्यांवरून १४ च्या आसपास येते. कडेच्या फोनला आठ वेळा हाक द्यायची असेल, तर त्या आठही हाका जवळजवळ लागोपाठ देता येतात.

पण याच ठिकाणी तीन नवे प्रश्न उभे राहतात, आणि सारे कौशल्य ते सोडवण्यात आहे.

पहिला प्रश्न टॉवरच्या उरलेल्या आवाजाचा. वजाबाकी कितीही चांगली केली तरी थोडा आवाज राहतोच, आणि बोलण्याच्या वेळी टॉवरची श्रवणशक्ती शांत वेळेपेक्षा थोडी कमी असते. जवळच्या फोनला त्याने फरक पडत नाही. कडेच्या फोनची हाक मात्र त्यात बुडू शकते. म्हणून एकच नियम सर्वांना लावून चालत नाही. टॉवरचा आवाज जोरात ऐकू येणाऱ्या, म्हणजे जवळच्या, फोननी टॉवरच्या बोलण्याच्या वेळेतल्या जागा वापराव्यात आणि दूरच्यांनी शांत वेळेतल्या, असे वाटप करता येते. हाकेची सुरुवातीची शक्तीही दोन्ही वेळांसाठी वेगळी ठरवता येते.

दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा, आणि माझ्या मते तो सर्वांत अवघड. बसमध्ये माझा फोन हाक देत आहे आणि शेजारच्याचा फोन त्याच क्षणी टॉवरचे ऐकत आहे. किलोमीटरभर अंतरावरच्या टॉवरपेक्षा हातभर अंतरावरचा माझा फोन त्याच्या कानात फार मोठा वाजतो. उपपट्टे वेगळे असले तरी थोडा आवाज पलीकडे झिरपतोच. ओळख झालेल्या फोनांच्या बाबतीत टॉवर हे टाळू शकतो, कारण कोण केव्हा बोलणार हे तोच ठरवतो. पण पहिली हाक देणारा फोन कोण आहे, कुठे आहे, कुणाच्या शेजारी आहे, यातले काहीच टॉवरला माहीत नसते. टॉवरच्या हातात राहते ते एवढेच: हाकेच्या जागा आधीच जाहीर असल्याने त्या क्षणी नाजूक मजकूर पाठवायचा नाही, पट्ट्यांमध्ये मोकळी किनार सोडायची, आणि फोननी कमी शक्तीने सुरुवात करून गरजेपुरतीच ती वाढवावी असा नियम ठेवायचा.

तिसरा प्रश्न जुन्या फोनांचा. टॉवर बोलता बोलता ऐकतो ती वेळ आज लोकांच्या हातात असलेले फोन पूर्णपणे टॉवरच्या बोलण्याची मानतात. नवी सोय त्यांच्या नकळत, त्यांना धक्का न लावता द्यायची आहे. म्हणून नव्या जागांची माहिती टॉवर आपल्या सार्वजनिक घोषणेत वेगळी देतो. नवे फोन ती वाचतात आणि जुने फोन आपल्या जुन्या जागाच वापरत राहतात.

काय मिळेल, काय नाही

फुल-डुप्लेक्समुळे एक गोष्ट होणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. दोन फोनांनी एकच खूण उचलली, तर टॉवर बोलता बोलता ऐकत असला तरी ती टक्कर आपोआप सुटत नाही. अब्रॅमसन यांनी स्वीकारलेली यदृच्छा कायम राहते. अपरिचितांना पाळी नेमून देता येत नाही, ही अडचण यंत्राच्या उणिवेतून आलेली नाही. ती प्रश्नातच आहे. फुल-डुप्लेक्स त्या यदृच्छेची किंमत कमी करतो: संधी वाढतात, थांबण्याचा वेळ घटतो, आणि चूक झाली तर ती लवकर कळण्याची वाट उघडते. ॲम्प्सच्या टॉवरने ‘व्यग्र’ची खूण पाठवून जे साधले होते, ते पुढे एकाच वारंवारतेवर साधता येईल. हाक पुरती संपण्याआधीच ‘ऐकले’ किंवा ‘थांबा’ असे सांगणारा टॉवर ही आज संशोधनाच्या टप्प्यावरची कल्पना आहे, पण तिच्या आड येणारा भौतिकशास्त्राचा अडथळा प्रयोगशाळेत ओलांडला गेलेला आहे.

बिनतारी जाळ्यांची प्रगती आपण सहसा वेगात मोजतो: सिनेमा किती सेकंदांत उतरला, सेकंदाला किती गिगाबिट आले. हे माप आत पोचलेल्यांचे आहे. विजेचे मीटर, शेतातले ओलावा मोजणारे संवेदक, रुग्णवाहिकेतली उपकरणे यांचे संदेश काही बाइटांचे असतात. त्यांना वेगापेक्षा आपली हाक पहिल्याच प्रयत्नात ऐकली जाणे महत्त्वाचे असते. हद्दीच्या कडेला असलेल्या वस्तीतून संकटात लावलेल्या फोनचेही तसेच. जाळ्याची गुणवत्ता ठरवताना आत असलेल्यांना किती मिळते याबरोबरच बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला उत्तर मिळायला किती वेळ लागतो, हेही मोजले पाहिजे. फुल-डुप्लेक्सची खरी परीक्षा मी तिथेच घेईन. वेग दुप्पट होवो न होवो, गर्दीतला आणि कडेचा फोन पहिल्याच हाकेत ऐकला जाऊ लागला, तर या तंत्राने आपले काम केले असे म्हणता येईल.